चाकू हातात देत नसतात

“...म्हणजे तुम्हीपण तेच म्हणणार का, बाबा? गडी चाकू घरी विसरला आणि मेला, एवढंच?”

दस्तगीरबाबांनी वर पाहिलं नाही. कुणाचा तरी विळा दगडावर फिरत होता, तो फिरतच राहिला.

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. एकानंही नाही. फौजदार म्हणाला, प्यायला असेल. सरपंच म्हणाला, वेळ भरली होती. माझा धाकटा दीर म्हणाला, वहिनी, आता उगाळून काय मिळणार. मी तीन महिने एकच गोष्ट सांगत होते. माझा मच्छिंद्र चाकूशिवाय पाण्यात पाऊल टाकत नव्हता. आठ वर्षांचा होता तेव्हापासून नाही. त्या दिवशी तो बिनचाकूचा उतरला, म्हणजे कुणीतरी चाकू त्याच्या हाती लागू दिला नाही.

कुणी, तेही मला ठाऊक होतं. तिला मी सोबत आणली होती. माझी सून, वैजयंता. समोरच्या कडुलिंबाखाली बसवली होती, आणि हलू नको म्हणून दम दिला होता.

“बाबा, मी बोलतेय.”

“ऐकतोय.”

“मग बोला की.”

“तुझं व्हायचंय अजून.”

...

आम्ही भोई. धरणाच्या फुगवट्यावर मासे धरतो. होडी असणारे थोडे. बाकीचे ट्रॅक्टरच्या टायरची ट्यूब फुगवतात, तिच्यावर बसतात आणि नायलॉनचं जाळं सोडतात. नायलॉन हातानं तुटत नाही, दातानं तुटत नाही. पायात अडकलं की माणूस जितके झटके देईल तितकं आवळत जातं. तेव्हा कमरेला चार बोटांचा चाकू असला तर माणूस घरी येतो. नसला तर त्याला घरी आणावं लागतं.

मच्छिंद्रला आणला तेव्हा जाळं दोन्ही पायांना गुडघ्यापर्यंत गुंडाळलेलं होतं. पाणी छातीएवढं होतं. छातीएवढंच. नुसतं उभं राहता आलं असतं तरी डोकं बाहेर राहिलं असतं. पाय सुटायला चार काप पुरले असते. मी मोजले. त्याच्या पायावरून जाळं मीच कापलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. विळीनं कापलं. त्याचा चाकू घरात कुठंच सापडत नव्हता.

तो सापडला बाराव्या दिवशी. वैजयंताच्या पेटीत, लुगड्याच्या घडीत.

मी गल्ली गोळा केली. म्हटलं बघा, हिनं लपवला, हिनं माझा पोरगा खाल्ला. तर बायका म्हणाल्या, नवऱ्याची आठवण म्हणून ठेवला असेल गं, जाऊ दे. माझ्या तोंडावर म्हणाल्या, आणि पाठीमागं म्हणाल्या, हौसाचं डोकं फिरलंय.

फिरलं नव्हतं. म्हणून मी दस्तगीरबाबांकडे आले. तो चाकू त्यांनी बनवलेला होता. त्यांनी शब्द टाकला असता तर गावानं मानला असता.

...

बाबांबद्दल सांगायला हवं.

जातीनं शिकलगार. बापजादे तलवारींना धार लावत, हे विळे-कात्र्यांना लावत. बाजाराच्या गावाबाहेर दर्ग्याची भिंत आहे, तिच्या सावलीत बसत. ऐंशीच्या पुढं वय. बायको गेल्यापासून घरी झोपायलासुद्धा जात नव्हते. एक वेळ खायचं, चार शब्द बोलायचं. लोक धार लावायच्या निमित्तानं यायचे आणि उगाच बसून राहायचे. त्यांना कुणी फकीर म्हणालं की ते म्हणत, “मी कामगार माणूस हाय, तुमची खुरपी इकडं द्या.”

पण त्यांचा खरा जीव खुरप्यांत नव्हता. खिशातल्या चाकूत होता. जुन्या करवतीच्या पोलादाचं पातं, म्हशीच्या शिंगाची मूठ, मध्ये एक पितळी खिळा. बस. खटका नाही, स्प्रिंग नाही. नखानं उघडायचा, तळव्यानं मिटायचा. मिटला की लहान पोराच्या मुठीत मावायचा. वर्षाला दहा-बारा करत असतील, त्यातल्या एकाची मूठ दुसरीसारखी नसायची.

एकदा एक शहरातला माणूस आला, त्याच्याकडं वीतभर लांब चकचकीत सुरा होता. बाबांनी तो पाहिला, परत दिला. म्हणाले, “हे मोठं पातं माणसाला मोठं वाटायला लावतं. लहान पातं कामाला लावतं.”

माझा मच्छिंद्र त्या लहान पात्यानं दिवसभर काय करायचा ते मी सांगू शकते. जाळ्याचे दोरे कापायचा. माशाचे कल्ले काढायचा. पेरू सोलायचा, निम्मा मला द्यायचा. पायातला काटा काढायचा. विडीच्या बंडलाचा दोरा तोडायचा आणि मी बघितलं की विडी खिशात लपवायचा, चोवीस वर्षांचा घोडा. लग्नात हळद लागल्यावर नवरदेवाच्या हातात कट्यार देतात ना, टोकाला लिंबू टोचून? आमच्या याला भाड्याची कट्यार आणली होती. त्यानं ती बाजूला ठेवली आणि आपला चाकू काढून त्यालाच लिंबू टोचलं. सगळा मांडव हसला. लिंबू चाकूपेक्षा मोठं दिसत होतं.

मी हे का सांगते? चाकू म्हणजे काय हे ज्याला कळत नाही, त्याला माझं दुःख कळणार नाही, म्हणून.

...

आणि मी काही उपरी नव्हते बाबांना. मी त्यांची शागीर्द. चौथी पास झाले आणि बापानं शाळा सोडवली. तो बाजारात मासे विकायला बसायचा आणि मला बाबांजवळ बसवून जायचा. तीन उन्हाळे मी तिथं पात्याला धार लावायला शिकले. मुलगी म्हणून लोक हसायचे. बाबा हसले नाहीत.

पहिल्या दिवशी त्यांनी एक छोटा चाकू मिटला, मी हात पुढं केला. त्यांनी तो माझ्या हातावर न ठेवता समोरच्या चपट्या दगडावर ठेवला. मी हात तसाच धरून बसले. मला वाटलं, देतील. दुपार झाली. हात दुखला. शेवटी मी वाकले आणि दगडावरचा चाकू उचलला.

तेव्हा ते बोलले.

“लोखंड एका हातातून दुसऱ्या हातात गेलं की दोन माणसांच्या मधे उभं राहतं. खाली ठेवायचं. ज्याला पायजे तो उचलील.”

तो माझा पहिला धडा. आमच्याकडं बायका मीठ हातात देत नाहीत, मिरची देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. पण मी बाबांच्या शब्दानं चालले. चाळीस वर्षं. चाकू असो, विळी असो, कात्री असो. सासूच्या हातात दिली नाही, नवऱ्याच्या हातात दिली नाही. मालक जाऊन अकरा वर्षं झाली, तेही या गोष्टीवरून मला चिडवत गेले. पोराला मी तेच शिकवलं. आठव्या वर्षी त्याला इथं आणला. बाबांनी त्याच्यासाठी केलेला चाकू दगडावर ठेवला, तर यानं हात पुढं केलाच नाही, थेट उचलला. बाबा म्हणाले, “आईपेक्षा शहाणा हाय.”

मला अभिमान वाटला होता.

...

विळा झाला. बाबांनी तो पुसून बाजूला ठेवला.

मी पदराच्या गाठीतून मच्छिंद्रचा चाकू काढला आणि चपट्या दगडावर ठेवला. तोच दगड. चाळीस वर्षांत मधे थोडा खोलगट झालेला.

त्यांनी चाकू उचलला नाही. नुसते बघत राहिले, जसं ओळखीच्या माणसाकडं बघतात.

मी सांगून टाकलं. गुरुवारी आमची जमात बसणार आहे. मी शब्द दिलाय, माझ्या पोराला कुणी मारलं त्याचं नाव मी चारचौघांत घेणार आहे. तुम्ही या. चाकू तुमचा आहे, तुमचं लोक ऐकतील. एवढंच म्हणा, की हौसा खरं बोलते. मग हिला घराबाहेर काढायला मी मोकळी.

“मग कुठं जाईल ती?”

“भावाकडं.”

“घेतोय का भाऊ?”

तिच्या भावानं निरोप पाठवला होता. बहीण म्हणून आली तर ये, पण नवरा मारल्याचा डाग घेऊन आलीस तर दार लावून घेईन, माझ्या पोरींची लग्नं व्हायचीत. आईबाप तिला नाहीत.

“ते तिचं ती बघंल,” मी म्हटलं.

“बरं.”

“बरं काय? त्यानं चाकू सोडला नसता बाबा. कधीच न्हाई. तुम्ही तरी मानता का?”

“मानतो.”

तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी हे म्हटलं. मला रडू फुटलं, तिथंच, त्या विळ्या-खुरप्यांच्या ढिगाजवळ. रडले ती रागानंच रडले. म्हटलं, बघ गं भवाने, ऐक. ती लिंबाखाली मान खाली घालून बसली होती.

बाबा म्हणाले, “हौसे, तुझ्या जिभेला धार लावायची गरज न्हाई. जरा मिटून ठेव.”

मी तोंड पुसलं.

“तिला विचारलंस?”

“विचारलं.”

“कसं विचारलंस?”

मी लपवणारी बाई नाही. सांगितलं. ओरडून विचारलं. उपाशी ठेवून विचारलं. एकदा केस धरून विचारलं.

“काय म्हणाली?”

“काही न्हाई. दगडासारखी गप्प.”

“तीन महिने?”

“तीन महिने.”

...

“तीन महिने गप्प बसायला काय लागतं, ठाऊक हाय तुला?”

मला वाटलं, ते माझ्या बाजूनं बोलतायत. म्हटलं, लबाडी लागते.

त्यांनी आता कुठं चाकू उचलला. नखानं पातं उघडलं. उन्हात धरलं, डोळ्यांजवळ नेलं. त्यांना एकाच डोळ्यानं दिसायचं, तरी पात्यावरचं काही सुटायचं नाही. कुणाचाही चाकू बघून ते सांगायचे, की हा माणूस डावखुरा आहे, हा आळशी आहे, हा दुसऱ्याचा चाकू मागून वापरतो. लोक त्याला चमत्कार म्हणायचे. चमत्कार नव्हता तो. झिजेची खूण असते. मीही थोडं शिकले होते.

“हे काळं कशाचं?” त्यांनी विचारलं.

पातं माझ्याकडं वळवलं. अर्ध्यापासून टोकापर्यंत एक निळसर काळा पट्टा होता.

मला पुन्हा नऊ वर्षांची झाल्यासारखं वाटलं. धडा विचारला की मी सगळ्यांच्या आधी उत्तर द्यायचे. तिथं दुसरं कुणी नसलं तरी.

“आंबटाचं.”

“लिंबाचं?”

“न्हाई. लिंबानं पांढुरकं होतं.”

“चिंचेचं?”

“न्हाई बाबा, निळा रंग बघा की. कैरीचं हाय.”

बोलले आणि बोललेलं माझ्याच कानात शिरलं.

बाबा मग हळू म्हणाले, “मच्छिंद्र पुसायचा ना वापरल्यावर?”

“पंचाला पुसायचा. दर वेळी.”

“मग हा कुणी पुसला न्हाई?”

...

...

लिंबावर कावळा होता. तो उडाला तेवढा आवाज झाला.

मी सांगते आता. मी खोटं बोलत नव्हते. आणि विसरलेही नव्हते. आपल्या घरात एखादी खोली असते, तिथं आपण जात नाही, तसं ते माझ्याजवळ होतं.

त्या सकाळी ओट्यावर चूल पेटवून मी कालवण टाकलं होतं. त्यात टाकायला कैरी हवी होती. विळी बोथट. मच्छिंद्र अंगणात ट्यूबमध्ये हवा भरत होता. म्हटलं, तुझा चाकू दे रे. त्यानं कमरेचा काढून ओट्यावर ठेवला, मी उचलला. रीतीप्रमाणं. कैरी चिरली. कालवण उतू जायला आलं, म्हणून पातं न पुसता चाकू मिटला, आणि ओट्याच्या कडेला ठेवला.

तो निघाला तेव्हा ट्यूब एका खांद्यावर होती, जाळ्याचा गोळा दुसऱ्या. त्यानं जाळ्याखालून दोन बोटं मोकळी केली आणि माझ्यापुढं धरली.

“आये, चाकू.”

“ठेवलाय बघ ओट्यावर. उचल.”

“वाकता येईना गं. दे की हातात.”

“हातात देत नसतात.”

तो हसला. म्हणाला, “तुझा दस्तगीरबाबा काय बघायला येतोय का?”

वैजयंता दारात उभी होती. ती चाकूकडं एक पाऊल सरली. मी डोळे वटारले. सुनेनं सासूसमोर रीत मोडायची? ती थांबली.

मच्छिंद्रनं एकदा चाकूकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. सगळं खाली ठेवून परत उचलायचं त्याच्या जिवावर आलं.

“राहू दे,” म्हणाला. “आत्ता येतो.”

मी त्याला हाकही मारली नाही. मला वाटलं, चार पावलं जाईल आणि परत येईल. मुकाट्यानं वाकून उचलील. शिकेल.

...

हे सगळं मी बाबांना सांगितलं की नाही, मला नक्की आठवत नाही. काही सांगितलं असेल. काही नुसतंच आत झालं असेल. त्यांच्या तोंडावरून कळत नव्हतं. एवढं आठवतं, की त्यांनी लिंबाकडं बघून हात हलवला आणि वैजयंताला जवळ बोलावलं.

ती आली. माझ्यापासून दोन हात लांब उभी राहिली. मारायच्या अंतरावर उभी राहत नव्हती ती, तेवढं शिकली होती.

बाबांनी तिला एकच विचारलं.

“पोरी, पेटीत का ठेवलास?”

ती माझ्याकडं बघेना. जमिनीकडं बघून बोलली. तीन महिन्यांनी मी तिचा आवाज ऐकला, घोगरा झाला होता.

“दुपारी माणसं सांगत आली तेव्हा चाकू ओट्यावरच होता. म्हटलं, आत्याबाईंना दिसू नये.”

आत्याबाई म्हणजे मी.

...

मी धारेच्या दगडाकडं हात नेला.

मग मी काय म्हणाले, तर मूर्खासारखं म्हणाले, की बाबा, तो डाग घासून काढा. आत्ता काढा. दगड आहे, पाणी आहे, मीच काढते.

“निघंल,” ते म्हणाले. “पण तेवढं पातंपण जाईल.”

“जाऊ दे.”

“मग उरंल काय?”

मी हात मागं घेतला.

ते बोटानं तो चपटा दगड चाचपत राहिले, त्याचा खोलगा. साठ वर्षं त्यांनी त्यावर चाकू ठेवले आणि लोकांनी उचलले.

“माझ्या उस्तादानं मला कधी हातात दिला न्हाई,” ते म्हणाले. “तो दगडावर ठेवायचा. मी उचलायचा.”

“का?”

“विचारलं न्हाई.”

“तुम्हीच सांगितलं होतं बाबा. लोखंड मधे उभं राहतं म्हणून.”

“ते मी जुळवलं. तू हात धरून बसली होतीस दुपारपर्यंत. काहीतरी सांगावं लागलं.”

...

एवढंच. चाळीस वर्षं मी ज्या शब्दावर चालले, तो एका थकलेल्या दुपारी जुळवलेला होता. मला राग यायला हवा होता. मी रागाची बाई आहे, सगळं गाव सांगेल. पण आला नाही. त्यांच्या हाताकडं बघून आला नाही.

त्यांनी चाकू मिटला. टक्. तो आवाज मी अंधारात ओळखीन. मग मूठ माझ्याकडं करून तो हातात धरला, माझ्यापुढं.

मी दगडाकडं बघितलं. आता ठेवतील म्हणून वाट बघितली.

ते ठेवीनात. ऐंशी वर्षांचा हात, हवेत तसाच.

“घे.”

“खाली ठेवा बाबा.”

“घे, हौसे.”

“मी कधी घेतला न्हाई.”

“मी कधी दिला न्हाई.”

त्यांचा हात आता थरथरायला लागला. चाकू पडेल असं वाटलं. म्हणून मी घेतला. आमची बोटं एकमेकांना लागली.

मूठ गरम होती.

हे मला ठाऊकच नव्हतं. मला आयुष्यभर वाटत आलं की चाकू गारच असतो. दगडावरून उचललेला कायम गार असतो. माणसाच्या हातातून घेतला तर तो गरम असतो, हे मला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं. मच्छिंद्रला कधीच कळलं नाही. त्यानं माझ्या हातची एवढी ऊबसुद्धा घेतली नाही कधी.

“आता तिला दे,” बाबा म्हणाले.

मी वैजयंताकडं वळले. सवय अशी असते बघा. मी वाकले. हात आपोआप दगडाकडं गेला. पण दगडावर बाबांनी आपला पंजा पसरून ठेवला होता. सगळा दगड झाकला होता. ठेवायला जागाच नव्हती.

मी उभी राहिले. हात पुढं केला.

ती घाबरली. मी हात उचलला की काय होतं हे तिला माहीत होतं. आधी तिनं डोळे मिटले, मग उघडले. मग तिनं दोन्ही तळवे पुढं केले, जसा प्रसाद घेतात, आणि मी चाकू त्यात ठेवला. तिची बोटं जाळ्याच्या दोऱ्यानं कापलेली होती. घरातली सगळी जाळी तीच शिवत होती, तीन महिने, उपाशी. मी बघितलं नव्हतं.

तिनं पातं उघडलं. पदराचं टोक घेतलं आणि ते पुसलं. डाग निघत नव्हता, तिलाही दिसत होतं. तरी पुसलं. चाकू मिटला आणि कमरेला खोचला.

माफी मागायला माझी जीभ वळत नव्हती. अजून पुरती वळत नाही. भाकरी करते तिच्यासाठी, ती पहिली तिला वाढते, तेवढं करते.

...

जायला उठलो. ऊन कलायला लागलं होतं. कुणीतरी कात्र्यांची पिशवी घेऊन आलं होतं आणि लांब उभं होतं, इकडं काय चाललंय ते न कळून.

मला गुरुवार आठवला. सगळी जमात बसणार, आणि मी नाव घेणार असं मीच गावभर ओरडून ठेवलेलं. वैजयंता लिंबापर्यंत पुढं गेली होती. मी परत फिरले.

“बाबा, गुरुवारी लोक विचारतील. पोरगा कुणापायी गेला म्हणून.”

ते त्या चपट्या दगडाशी काहीतरी करत होते. दोन्ही हात त्याच्याखाली घातले होते. म्हटलं उचलू नका, कंबर जाईल. ऐकेनात. दगड उलटला. खालची बाजू ओली होती, मातीनं भरलेली, गांडुळं लागलेली. ती बाजू वर करून ते दम घेत बसले.

“माझं नाव घेते,” मी म्हटलं. “उभी राहून घेते. मारू देत, थुंकू देत. मी भीत न्हाई.”

...

“बाबा, ऐकताय ना? हौसा म्हणून सांगते त्यांना.”

त्यांनी मान हलवली. नाही म्हणून.

“मग कुणाचं घेऊ?”

बाबांनी आपले दोन्ही रिकामे हात माझ्यापुढं धरले, तळवे वर करून. बराच वेळ तसेच धरून ठेवले.

“दस्तगीर.”